पंधरा मिनिटांचं ऑइल आणि खळ्यातले डाग

वाचकांचं पत्र:

नमस्कार काका,
आम्ही देवगड तालुक्यात राहतो. घरी छोटंसं होमस्टे आहे आणि पाहुण्यांना कणकवली स्टेशनवरून आणणं-सोडणं माझ्याकडे असतं. गाडी छोटी पेट्रोल, २०२३ ची, ३१,००० किलोमीटर झालेत. वाढीव वॉरंटी घेतलेली आहे. कंपनीचं सर्व्हिस सेंटर लांब, त्यात माझा अख्खा दिवस जातो. गेल्या आठवड्यात पाहुण्यांची ट्रेन लेट होती आणि हायवेला ‘पंधरा मिनिटांत ऑइल चेंज’ असा बोर्ड दिसला, म्हणून गेले. ‘मॅडम, आत एसीत बसा’ म्हणाले. खरोखर सतरा मिनिटांत मोकळी झाले. ऑइल, फिल्टर आणि इंजिन फ्लश मिळून २,६५० रुपये. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल ३.५ ली.’ लिहिलंय. कुठलं ऑइल विचारलं तर पोरगा म्हणाला, सगळ्या पेट्रोल गाड्यांना हेच चालतं. काचेवर ५,००० किलोमीटरनंतर या, असा स्टिकरही लावला.
आता चार दिवस रोज सकाळी खळ्यात गाडीखाली रुपयाएवढे दोन-तीन डाग दिसतात. मुंबईचे दीर म्हणतात, ‘वहिनी, बदलताना थोडं सांडतंच, चालायचंच.’ सासरे म्हणतात, ‘मी आधीच सांगलंय, आपलो मेस्त्री बरो.’ शनिवारी फोंडा घाटातून कोल्हापूरला जायचंय. जाऊ ना? आणि अशा दुकानात पुन्हा जावं का? मिस्टरांची बीएस-६ डिझेल पिकअपही तिथेच न्यायचं चाललंय.
ता. क. सासरे विचारतात, त्या दुकानातून जुनं काळं ऑइल मागून आणलं तर गोठ्याच्या खांबांना लावायला चालेल ना?
– एक वाचक, देवगड तालुका

ताई,

शनिवारचं आधी. डाग कसले ते कळेपर्यंत ही गाडी घेऊन घाट चढू नका. कणकवलीलाही नको, पाहुण्यांना दोन दिवस रिक्षा सांगा.

आज रात्री वाण्याकडून मोठ्या खोक्याचा एक पुठ्ठा आणा. उलगडून इंजिनाखाली सरकवा आणि पुढच्या दोन्ही चाकांची जागा त्यावर पेनाने आखून ठेवा. सारवलेल्या खळ्यात तेल जिरतं, पसरतं, नेमकं कुठून पडलं ते कळत नाही. पुठ्ठ्यावर कळतं. सकाळी डागाला बोट लावा. पाणी असेल तर विषय संपला. आपल्या दमट हवेत एसीतून एवढं पाणी गळतं की दर मे महिन्यात कोणी ना कोणी ‘काका, गाडी गळते’ म्हणत माझ्याकडे यायचंच. हिरवं किंवा गुलाबी असेल तर ते कूलंट, ती वेगळी भानगड. मधाच्या रंगाचं, दोन बोटांत चोळल्यावर गुळगुळीत लागणारं असेल, तर ते तुमचं चार दिवसांपूर्वी घातलेलं नवं ऑइल.

मग चावी लावायच्या आधीच डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची काडी, बघा. गाडी सपाट जागी हवी, खळं उतरतं असेल तर रस्त्यावर ढकलून घ्या. काडी बाहेर काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. टोकाला दोन खुणा असतात, ऑइल वरच्या खुणेच्या आसपास दिसायला हवं. दोन खुणांमधलं अंतर छोट्या गाडीत साधारण एक लिटरचं, कधी त्याहून कमी, आणि इंजिनात एकूण ऑइल असतं तीन-साडेतीन लिटर. म्हणजे काडी खालच्या खुणेला टेकली की पाऊण-एक लिटर गेलं असं समजा. त्याही खाली असेल तर चावीला हात लावू नका.

वरच्या खुणेच्या बोटभर वर असलं तरी खूश होऊ नका. जास्त भरलेल्या ऑइलला फिरता क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घुसळतो, ताकासारखा फेस येतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. त्याहून वाईट शक्यता अशी की गाडीखालच्या पोराने इंजिनाचं तेल सोडायचा नट समजून गिअरबॉक्सचा नट खोलला. दोन्ही नट खालून हातभर अंतरावर, आणि गिअरबॉक्सचं तेलही बाहेर पडताना तेलासारखंच दिसतं. मग इंजिनातलं जुनं आतच राहतं, वरून नवं साडेतीन लिटर पडतं आणि गिअरबॉक्स कोरडा. गाडी पन्नास-शंभर किलोमीटर धावतेसुद्धा, मग खालून घरघर सुरू होते. हे मी ऐकून सांगत नाही, असा गिअरबॉक्स खोलून टेबलावर मांडलेला आहे. तुमच्या काडीवर ऑइल स्वच्छ आणि बरोबर खुणेवर असेल तर ही भीती सोडा.

आता डाग. तुमचे दीर म्हणतात ते अगदीच चूक नाही. फिल्टर काढताना पेलाभर तेल हमखास सांडतं, ते इंजिनाच्या कडेला किंवा खालच्या प्लास्टिकच्या गार्डवर साठतं आणि एक-दोन दिवस ठिबकतं. पण ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. तुम्ही ‘रोज’ लिहिलंय, चौथ्या दिवशीही तेवढेच. त्यामुळे मी दिरांच्या बाजूने नाही.

उरतात दोन जागा, चेंबरचा नट आणि फिल्टरची रबरी रिंग.

चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं आणि त्याच्या बुडाशी तो नट. नटाखाली एक पातळ वायसर असतो, बहुतेक गाड्यांत तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. तो एकदा दाबला जाऊन चपटा झाला की त्याचं काम संपलं, पुढच्या वेळी नवा लागतो. किंमत चहाच्या दोन कपांएवढी. पण नव्या वायसरसाठी ड्रॉवर उघडावा लागतो, माप शोधावं लागतं. बाहेर तीन गाड्या हॉर्न वाजवत असतील तर जुनाच बसतो आणि ‘बसत नाही’ म्हणून नट जास्त आवळला जातो, तोही हवेच्या गनने. चेंबर हल्ली बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचा आणि नट पोलादाचा. कोण कोणाचे आटे खाणार ते सांगायला नको. अशा नटाला लागणारा जोर एक फूट लांबीच्या पान्यावर साधारण बारा किलो दाबल्याएवढा. तुम्ही एका हाताने देऊ शकाल. हवेची गन त्याच्या कितीतरी पट देते आणि गन धरणाऱ्याच्या हाताला ते जाणवतही नाही. आटे गेले की नट फिरत राहतो, घट्ट होतच नाही, आणि एखाद्या दिवशी भोस्ते घाटात नाहीतर परशुराम घाटात सगळं तेल रस्त्यावर.

म्हणून पुठ्ठ्यावरचा डाग चेंबरच्या नटाखाली निघाला तर ‘अजून थोडं आवळून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. नट खोलून आटे बघायचे, नवा वायसर घालायचा, हाताने लावून पान्याने आवळायचा. आटे गेलेच असतील तर भोक मोठं करून आत नव्या आट्यांची कॉइल बसवतात, नाहीतर चेंबर बदलतात. टेफ्लॉन टेप गुंडाळणं, वरून पुट्टी थापणं, हे प्रकार दारातून परत पाठवा.

फिल्टरचं मात्र मी स्वतःच्या अब्रूवर सांगतो. माझं गॅरेज सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. गणपतीच्या आदल्या दिवशी एक वडापवाला जीप घेऊन आला. चाकरमानी स्टँडवर ताटकळत होते, त्याला फेऱ्या मारायच्या होत्या. म्हणाला, ‘दहा मिनिटांत देशील तर बदल, नाहीतर नंतर बघू.’ मी दहाच्या जागी आठ मिनिटांत दिली आणि मनात स्वतःची पाठही थोपटली. फिल्टरच्या तोंडाला रबराची एक रिंग असते. जुना फिल्टर काढताना ती रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. नवा फिल्टर स्वतःची नवी रिंग घेऊन येतो. जुनी न काढता तो बसवला की रिंगेवर रिंग. गॅरेजात गाडी धुरधुर चालू ठेवली तेव्हा एक थेंब नाही. दाब कमी होता ना. घाटाच्या तोंडाशी त्याने रेस वाढवली, तेलाचा दाब चढला, रिंग बाहेर सरकली आणि सगळं ऑइल मिनिटभरात खाली. लाल दिवा लागला होता, असं त्याने नंतर कबूल केलं. ‘वरच्या वळणावर थांबू’ म्हणून तो तसाच चढत राहिला. वरचं वळण आलंच नाही. इंजिन जाम. दहा-अकरा माणसं सामानासकट, डोक्यावर मखर घेऊन पावसात उभी. इंजिनाचा अर्धा खर्च मी भरला, पुढचे चार महिने हप्त्याने. त्या दिवसापासून जुन्या फिल्टरची रिंग हातात दिसल्याशिवाय मी नवा फिल्टर उघडलेला नाही.

त्या जीपवाल्याचं जे चुकलं ते तुमच्याकडून होऊ नये. ऑइलकॅनच्या चित्राचा लाल दिवा पेट्रोलच्या पिवळ्या दिव्यासारखा ‘पुढच्या पंपावर बघू’ सांगत नाही. तो दाब गेल्याचा दिवा आहे. चालत्या गाडीत लागला की गाडी सुरक्षितपणे बाजूला घ्यायची आणि तिथल्या तिथे बंद करायची. मोबाईलला रेंज नसली तरी.

तुमच्या सतरा मिनिटांचा हिशोब मला काही केल्या लागत नाही. इंजिन फ्लश म्हणजे एक पातळ रसायन जुन्या ऑइलमध्ये ओतून इंजिन पाच-दहा मिनिटं नुसतं चालू ठेवायचं आणि मग सगळं गाळून टाकायचं. पाच मिनिटं ती धरा. गरम तेल चेंबरमधून नीट निथळायला पाच-सात मिनिटं, थेंबाथेंबावर येईपर्यंत. खालचं गार्ड काढणं-लावणं, फिल्टर, नवं ऑइल. एकूण कितीही कमी धरलं तरी सतराच्या वर जातंय. त्यातून दोनच अर्थ निघतात. एक, फ्लश घातलाच नाही, फक्त बिलात घातला. दोन, घातला पण पुरता निथळू दिला नाही, म्हणजे त्यातला थोडा आता तुमच्या नव्या ऑइलमध्ये आहे आणि त्याला पातळ करतोय. यातला पहिला अर्थ खरा निघावा अशी मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो. खिशाला चाट बसली, इंजिनाला नाही.

आणि शेवटची मिनिटं कुठे गेली? नवं ऑइल घातल्यावर इंजिन चालू करायचं, बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं, काडी बघायची, मग हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च, घेऊन खाली वाकायचं: नट कोरडा, फिल्टर कोरडा. घाईच्या दुकानात बळी जातो तो याच मिनिटांचा, कारण ती कुणाला दिसत नाहीत आणि त्यांचं बिल लावता येत नाही. पोरगं लबाडच असतं असं नाही. त्याला दिवसात किती गाड्या काढल्या यावर शाबासकी मिळते, किती गळल्या नाहीत यावर नाही.

तुमच्या गाडीला ३१,००० ला फ्लशची गरज नव्हतीच. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात धुण्यासारखं काही साठत नाही. आणि वर्षानुवर्षं हेळसांड झालेल्या इंजिनात साठलेला गाळ एकदम सुटला तर तो तेलाच्या पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. दोन्हीकडून फ्लश ही गिऱ्हाइकाला एसीत बसवून विकायची वस्तू आहे.

‘सगळ्या पेट्रोल गाड्यांना हेच चालतं’ हे वाक्य ऐकलं की मला बॅरल दिसतो. दोनशे लिटरचा एक बॅरल, एक पाइप, सगळ्या गाड्या. गाडीच्या पुस्तकात ऑइलचा ग्रेड दिलेला असतो, काहींच्या झाकणावरही: ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असा. डब्ल्यू म्हणजे थंडी. पहिला आकडा तेल गार असताना किती वाहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर त्याचा जाडपणा किती राहतो ते. ‘कोकणात कुठे आलीय थंडी’ असं मीही पूर्वी म्हणायचो. पण शंभर अंशांवर काम करणाऱ्या इंजिनाला आपली पंचवीस अंशांची सकाळ थंडच असते, आणि तेल वरच्या भागांपर्यंत पोचेपर्यंतचे ते काही सेकंद झिजेचे. हल्लीच्या इंजिनांत तेलाच्या वाटा बारीक, व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारे भाग तेलाच्या दाबावर चालतात. त्यांत जुन्या जीपचं २०डब्ल्यू-५० ओतलं तर गाडी लगेच बंद पडणार नाही, पण अ‍ॅव्हरेज घसरेल, पिकअप मंदावेल आणि कुणाला कारण सापडणार नाही. म्हणून दुकानदाराला फोन करून ग्रेड लिहून मागा, व्हॉट्सअॅपवर चालेल. सांगता आलं नाही किंवा आकडा पुस्तकाशी जुळला नाही, तर पैसे गेले समजून ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलून घ्या. मनाला लागेल, पण २,६५० विरुद्ध इंजिन असा सौदा आहे.

मिस्टरांची पिकअप तिथे मुळीच नेऊ देऊ नका. बीएस-६ डिझेलच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. काजळी ती जाळून टाकते, पण ऑइलमधल्या काही रसायनांची राख जळत नाही, ती गाळणीतच साठते. म्हणून तिला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए सी२, सी३ असं काहीतरी लिहिलेलं, पुस्तकात असेल तेच. बॅरलमधलं साधं डिझेल ऑइल घातलं तर आज काही दिसणार नाही. गाळणी तुंबेल तेव्हा तिच्या किमतीत घरी एक दुचाकी आली असती. दुचाकीवरून आठवलं: मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये भिजलेला असतो, तिला जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल. कारचं उरलेलं अर्धा लिटर ‘वाया कशाला’ म्हणून बाइकमध्ये ओतणारे घरोघरी आहेत, मग चढणीला क्लच घसरला की मेकॅनिकला शिव्या.

स्टिकरचं सांगतो. पंधरा मिनिटांच्या दुकानांची पद्धत अमेरिकेतली. तिथे गाडी खड्ड्यावर घ्यायची, एक माणूस खाली, एक वर, दहा मिनिटांत पुढची. दर ३,००० मैलांना ऑइल बदला हा धोशाही तिथलाच. ३,००० मैल म्हणजे आपले साधारण ४,८०० किलोमीटर. तुमच्या काचेवरचे ५,००० तिकडूनच आले असावेत असा मला संशय आहे. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. धूळ, सततचे घाट, रोजच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर आधी बदला असंही त्यातच लिहिलेलं असतं. तुमची गाडी पन्नासेक किलोमीटरची सरळ धाव घेते, इंजिन नीट तापतं. स्टिकर खरवडून काढा. याउलट बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत पावसाळ्यात इंजिन तापतच नाही, आतली वाफ तशीच राहते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी धरतं. अशा गाडीने मात्र किलोमीटर मोजू नयेत, महिने मोजावेत.

आता सासऱ्यांचा मेस्त्री. तो बरा, हे मला पटतं, पण म्हातारपण हे काही आयएसआय मार्क नव्हे. ‘वीस वर्षं हेच ओततोय’ म्हणत नव्या गाडीत जाड ऑइल घालणारे माझेच दोस्त आहेत. आणि कंपनीच्या सेंटरातही नट आवळणारा कालच लागलेला शिकाऊ पोरगा असू शकतो. फरक एवढाच की मेस्त्रीचं घर तुम्हाला ठाऊक आहे आणि सेंटरात गाडीची नोंद राहते. हायवेवरचा पोरगा पुढच्या महिन्यात दुसरीकडे.

तरी तुमची अडचण खरी आहे, अख्खा दिवस मोडणं परवडत नाही. तेव्हा पुन्हा जाल तर एसीत बसायचं नाही. पुस्तकातल्या ग्रेडचा सीलबंद डबा, फिल्टर आणि वायसर तुमच्या हातात असू द्या, ओळखीच्या स्पेअरपार्टवाल्याकडून बिलासकट घेतलेला. सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. निघताना रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडा, कारण चांगल्या कंपनीचा धड डबा भेसळवाल्याला पैसे देऊन हवा असतो. खालचा नट हाताने लावताना बघा. गन उचलली तर ‘पान्याने आवळ रे बाबा’ म्हणा, लाजू नका. जुना फिल्टर हातात मागा आणि त्याच्या तोंडाशी रिंग आहे ना ते बघा. काही जण खालून काही न खोलता डिपस्टिकच्या नळीतून तेल खेचून काढतात. ते चालतं, फक्त बुडाचा गाळ थोडा राहतो. तुमच्याकडे तसंच झालं असेल तर नटाला हातच लागलेला नाही आणि संशय थेट फिल्टरवर जातो, म्हणून फोनवर तेही विचारा. शेवटी इंजिन चालू-बंद करून काडी आणि बॅटरीचा उजेड. एवढं केलं की पंधरा मिनिटांची तीस होतात. तुमच्या ट्रेनला तेवढा उशीर नेहमीचाच.

वॉरंटीच्या पुस्तिकेत वाढीव वॉरंटीच्या अटी आजच वाचा. बऱ्याच योजनांत ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करायची अट असते. असेल तर पुढची सर्व्हिस दिवस मोडून तिथेच. बिल जपून ठेवा, डागांचे आणि पुठ्ठ्याचे तारखेसकट फोटो काढा. दुकानवाल्याला आधी नीट बोलून बघा. चूक त्याची निघाली तर बहुतेक जण दुरुस्त करून देतात, बोर्ड लावून बसलेत ते. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग आहेच. पण हातात कागद नसेल तर तिथे काही चालत नाही. पुढच्या वेळी बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

सासऱ्यांच्या प्रश्नाला नाही म्हणताना मला जड जातंय, कारण आमच्या घरचे वासेही वर्षानुवर्षं काळ्या ऑइलने रंगलेत. वाळवी पळते हे खरं. पण वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू आणि जळक्या तेलाची विषारी रसायनं असतात. २०१६ च्या सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात धरलंय, उगाच नव्हे. गोठ्याच्या खांबाला लावलं की गुरं अंग घासणार आणि खांब चाटणार. उरलेलं डब्यात पावसात राहिलं की आपला जांभा ते चाळणीसारखं खाली सोडणार आणि तुमची विहीर उताराला असेल तर पुढचं सांगत नाही. दुकानवाल्याने ते नोंदणीकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचं असतं, त्याच्याकडून मागू नका. गोठ्यासाठी खांब मातीत पुरण्याऐवजी चिऱ्याच्या जोत्यावर उभे करा, अर्धी वाळवी तिथेच अडते. पुरायचेच असतील तर जमिनीत जाणाऱ्या टोकापुरतं काजूच्या टरफलांचं तेल लावा, गुरांच्या तोंडापासून लांब. हातमोजे घालून मात्र, ते तेल कातडी सोलतं. सासऱ्यांच्या हाताला तो अनुभव असेलच.

उद्या पुठ्ठ्याचा फोटो पाठवा, ड्रायव्हरची बाजू कुठली ते पेनाने लिहून.